शेत आहे, पण फिरायला वाट कुठे?

मधुमेहाचे निदान झालेल्या माणसाला कोणत्याही दवाखान्यात गोळ्यांबरोबर एक सल्ला मिळतोच : रोज अर्धा तास चाला. शहरातला रुग्ण त्यावर विचारतो, कुठल्या बागेत जाऊ? लोहारा तालुक्यातला रुग्ण मात्र हसतो. ‘साहेब, आम्ही शेतकरी माणसं. दिवसभर रानातच असतो. आणखी कुठं चालायचं?’ ग्रामीण भागातल्या बाह्यरुग्ण विभागात हे उत्तर इतक्या वेळा ऐकू येते की सल्ला देणाराही बहुतेक वेळा पुढे काही बोलत नाही. उत्तर पटण्यासारखे आहे. पण आज ते अर्धेच खरे उरले आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागाची किंमत गावे मोजू लागली आहेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे त्यात दिसले. उंबरठ्यावरच्या या लोकांमध्ये शहर आणि खेडे असा फरक जवळपास नव्हता. शहरात हे प्रमाण १५.४ टक्के, तर गावात १५.२ टक्के होते. उच्च रक्तदाब तर तीनपैकी एकाहून अधिक प्रौढांमध्ये आढळला. ‘साखर हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार’ ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

चालणे कुठे गेले?

याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यातला एक अहवाल २०१४ मध्ये आला होता. त्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील लोक किती हालचाल करतात, हे मोजले होते. शहरातले ६५ टक्के लोक पुरेशी हालचाल करत नव्हते, हे अपेक्षितच होते. पण खेड्यातलेही ५० टक्के लोक त्याच गटात निघाले. मुद्दाम वेळ काढून फिरणारे, खेळणारे किंवा व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. पुढे २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने जगभरच्या माहितीचे विश्लेषण छापले. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय होते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते.

शेतीप्रधान देशात हे कसे घडले, याचे उत्तर गावातल्या कोणत्याही घरात मिळते. शेत दोन किलोमीटरवर असले तरी तिथे दुचाकीवर जाणे होते. नांगरणी, पेरणी, मळणी ट्रॅक्टर आणि यंत्रे करतात. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि त्याच्या मागे तणनाशक आले. त्यामुळे खुरपणीचे दिवस कमी झाले. पूर्वी वीज येईल त्या वेळी, मध्यरात्रीसुद्धा, मोटर चालू करायला विहिरीपर्यंत जावे लागे. आता अनेकांची मोटर मोबाइलवरून चालू होते. जलजीवन मिशनमुळे कित्येक घरांत नळ आला आणि डोक्यावरची घागर उतरली. यातला प्रत्येक बदल चांगला आहे. अंधारात साप-विंचवातून जाणारा माणूस घरात राहिला, बाईची मान आणि कंबर वाचली. त्यासाठी मागे जाण्याचा सल्ला कोणी देणार नाही. पण या प्रत्येक सोयीबरोबर दिवसातले काही हजार पावलांचे चालणे गुपचूप वजा झाले. ते भरून काढण्याची सोय गावात कुणी केली नाही.

रानातले कष्ट आणि चालणे

तरीही शेतात राबणारी माणसे, विशेषतः मजूर स्त्रिया, अजून खूप कष्ट करतात. त्यांनी वेगळे चालायची गरज आहे का? यावर विज्ञानाचे उत्तर एकमुखी नाही. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांच्या ‘प्युअर’ या अभ्यासात (२०१७) असे दिसले की कामावरची, घरातली आणि ये-जा करण्यातली हालचालसुद्धा हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी करते. दुसरीकडे, सुमारे दोन लाख लोकांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१८ च्या विश्लेषणात कामावर जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका १८ टक्के जास्त निघाला. त्यातली बहुतेक माहिती श्रीमंत देशांतली होती. शिवाय कष्टकऱ्यांची गरिबी, व्यसन, अपुरी झोप यांचा परिणाम पूर्णपणे बाजूला काढणे अवघड असते. तेव्हा शेतातले काम शरीराला घातक आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

फरक कशात पडतो, हे मात्र समजून घेता येते. वेगाने चालताना पायांचे मोठे स्नायू एका लयीत आकुंचन पावतात. हृदयाचे ठोके वाढतात, काही वेळ तसेच राहतात आणि नंतर पूर्ण विश्रांती मिळते. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतो. म्हणूनच जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने साखर कमी चढते. आपल्याकडची शतपावली हेच करते, फक्त शंभर पावलांवर थांबू नये. याउलट खुरपणी, सोयाबीन काढणी किंवा पाठीवर पंप घेऊन फवारणी या कामांत शरीर तासन् तास वाकलेले किंवा ओझ्याखाली असते. गुडघे, कंबर आणि खांद्यांवर ताण येतो आणि थकवा भरपूर येतो. पण छातीचा भाता मोकळा करणारी लयबद्ध हालचाल त्या मानाने कमी होते. शिवाय हे काम वर्षभर सारखे नसते. काढणीच्या महिन्यात अंग मोडते आणि उन्हाळ्यात पारावर बसून दिवस जातो. शरीराला रोजचा नेम हवा असतो. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणारा किंवा आषाढीला पंढरीची वारी करणारा भाविक त्या दिवसांत भरपूर चालतो. पण वारीहून परतल्यावर त्याची दुचाकी पुन्हा दारात उभी असते.

झाडांमध्ये चालण्याचे वेगळे काय?

चालणे कुठेही केले तरी फायद्याचे असते. मग निसर्गात, झाडीत चालण्याचा आग्रह कशासाठी? गेल्या चार दशकांतल्या काही अभ्यासांत याची उत्तरे आहेत.

लंडनमध्ये साठीपुढच्या ११९ जणांना एकदा वर्दळीच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्कमध्ये दोन तास चालवले गेले. त्यांच्यात निरोगी माणसे होती, तसेच हृदयाचे आणि फुप्फुसांचे जुने रुग्णही होते. उद्यानात चालल्यावर फुप्फुसांची क्षमता सुधारली आणि रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. डिझेलच्या धुरात चालल्यावर हा फायदा बराचसा विरून गेला. २०१८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास आला होता. राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

मनावरच्या परिणामांचेही पुरावे आहेत. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ३८ जणांवर प्रयोग केला. दीड तास हिरवळीत चाललेल्यांच्या मनात तेच तेच काळजीचे विचार घोळत राहण्याचे प्रमाण घटले आणि मेंदूतल्या संबंधित भागाची सक्रियताही कमी झाली. रहदारीच्या रस्त्याकडेने तेवढेच चाललेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. बर्लिनमध्ये २०२२ मध्ये ६३ जणांची अशीच तपासणी झाली. तासभर जंगलात चालल्यावर मेंदूतल्या भीती आणि ताणाशी संबंधित ‘अमिग्डाला’ या भागाची हालचाल मंदावली. गजबजलेल्या रस्त्यावर चाललेल्यांमध्ये ती मंदावली नाही. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. ही मिनिटे एकदम घालवली की थोडी थोडी, याने फरक पडला नाही.

मुलांच्या बाबतीतला पुरावा आणखी ठोस आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटे जादा बाहेर मोकळ्या उजेडात खेळू दिले. तीन वर्षांनी त्या मुलांमध्ये लांबचे न दिसण्याचा दोष ३०.४ टक्के होता, तर नेहमीसारख्या शाळांमध्ये तो ३९.५ टक्के होता. मोबाइलमध्ये डोके घातलेल्या पोराला रोज बाहेर पिटाळणारी आजी बरोबर होती, असे म्हणायला हरकत नाही.

या अभ्यासांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. काही प्रयोग थोड्या माणसांवर झाले आहेत. इंग्लंडची पाहणी केवळ संबंध दाखवते. निसर्गात गेल्याने तब्येत सुधारली की तब्येत चांगली म्हणून लोक निसर्गात गेले, हे तिच्यातून ठरत नाही. जंगलात फिरल्याने रक्तदाबाची गोळी बंद होते किंवा कर्करोग टळतो, असे दावे समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांना आधार नाही. गोळी चालू ठेवून चालायचे आणि गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

शेतकऱ्याचे रान विसाव्याचे आहे का?

यापेक्षा मोठी मर्यादा वेगळीच आहे आणि ती लोहाऱ्यासारख्या भागासाठी महत्त्वाची आहे. हे बहुतेक संशोधन शहरी माणसांवर झाले आहे. ज्याचा दिवस कचेरीत जातो, त्याला हिरवे शिवार पाहून शांत वाटते. ज्याचे पोट त्या शिवारावर आहे, त्याला ते तसे दिसेलच असे नाही. पिवळे पडलेले सोयाबीन, पाऊस लांबल्याने भेगाळलेली जमीन, अळीने खाल्लेली तूर हे पाहत बांधावरून चालणारा माणूस विसावा घेत नसतो. तो हिशेब करत असतो : बियाण्याचे किती, खताचे किती, सोसायटीचे किती. धाराशिव हा राज्यातल्या शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. आरोग्य विभागाने अशा १४ जिल्ह्यांत मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, तो याच कारणासाठी.

म्हणजे ‘आम्ही रानातच असतो’ या उत्तरात एक गल्लत आहे. शेतात असणे आणि फिरायला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गावात कुणी विनाकामाचे चालत नाही. ‘कुठं निघालास?’ या प्रश्नाला उत्तर तयार असावे लागते : शेताकडं, दुकानाकडं, बँकेत. निसर्गातल्या चालण्याने मनाला जो विसावा मिळतो, त्याचे संशोधकांनी दिलेले एक स्पष्टीकरण असे की तिथे लक्ष कशावर तरी जबरदस्तीने लावावे लागत नाही. पान हलते, पक्षी ओरडतो आणि मन त्याकडे आपोआप जाते. काम, कर्ज, वाहन यांपैकी काहीच लक्ष मागत नाही. स्वतःच्या शेतात नेमके हेच मिळत नाही. शेतकऱ्यालाही अशी जागा हवी, जिथे झाड आहे, सावली आहे आणि जिथले काहीच त्याच्या नावावर नाही. म्हणजेच गावाच्या मालकीची, सगळ्यांची वाट.

मन फारच जड झाले असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ चालणे पुरे पडणार नाही, हेही इथेच सांगायला हवे. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असतो. जवळच्या सरकारी रुग्णालयातही मदत मागता येते.

वाट कुठून आणायची?

सगळ्यांची झाडीतली वाट कुठून आणायची, हा प्रश्न या जिल्ह्यात खरोखर अवघड आहे. धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्र ७,५६९ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात जंगलाचे आच्छादन एक टक्क्याच्याही आत आहे. येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य सुंदर आहे, पण ते साधारण २२ चौरस किलोमीटरचे आणि लोहाऱ्यापासून बरेच लांब आहे. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीचा काठ सहलीसाठी ठीक आहे. रोजच्या अर्ध्या तासासाठी कोणी तिथे जाणार नाही.

पण गावाच्या हाताशी दोन-तीन गोष्टी आहेत. एक, १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांतून मराठवाड्यात पाझर तलाव बांधले गेले. त्यांचे बांध सार्वजनिक आहेत, उंचावर आहेत आणि पाऊस चांगला झाला की तिथे पक्षीही येतात. दुसरी गोष्ट भूकंपाने शिकवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर उद्ध्वस्त झाला आणि नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नवी गावे सरळ रस्त्यांची आणि ऐसपैस झाली, पण सुरुवातीला उघडी-बोडकी होती. जुन्या गावातला वडाचा पार, वेशीजवळची चिंच मागे राहिली होती. लोकांनी दारात, परसात झाडे लावली आणि तीस वर्षांत अनेक पुनर्वसित गावे सावलीची झाली. माणसांनी जपली तर या मातीत झाडे येतात, याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आणि नेमकी आताची आहे : पाणंद रस्ते. २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर व्हावी, असा निर्णय झाला. वर्षानुवर्षे अतिक्रमणाखाली गेलेल्या वाटा राज्यभर मोकळ्या होत आहेत. शेतकऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. चिखलात अडकलेली उसाची गाडी आणि रस्त्यावरून भावकीत होणारी डोकेफोड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे मोल सांगायला नको. पण वाट मोकळी करताना जेसीबी दोन्ही बाजूंची बोर, बाभूळ, कडुलिंब, करंज सरसकट उपटतो. उरतो तो मुरमाचा तापलेला पट्टा. ट्रॅक्टर त्यावरून छान जातो. पण चैत्रात सकाळी नऊ वाजता त्यावरून माणसाला चालवत नाही.

तोच रस्ता कडेच्या झाडांसह तयार झाला, तर गावाला आयती फिरण्याची वाट मिळते. जमीन सार्वजनिक आहे, वाहने तुरळक आहेत, धूर नाही. त्यासाठी वेगळी बाग बांधायला नको, पेव्हर ब्लॉक नको, उद्घाटनाची कोनशिला नको.

झाड कुठल्या कडेला लावायचे?

शेतकऱ्यांचा आक्षेप ठरलेला आणि रास्त असतो : झाडाच्या सावलीखाली पीक बसते. याला उपाय आहे आणि तो सूर्याकडे पाहून ठरवता येतो. रब्बीच्या दिवसांत सूर्य आपल्याकडे दक्षिणेला झुकलेला असतो, म्हणून सावली उत्तरेकडे पडते. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर झाडे त्याच्या दक्षिण कडेला लावावीत. मग हरभऱ्या-ज्वारीच्या हंगामात सावली बहुतांश रस्त्यावरच पडेल. रस्ता दक्षिणोत्तर असेल तर झाडे पश्चिम कडेला लावावीत. दुपारनंतरची सावली रस्त्यावर येईल आणि संध्याकाळी चालणाऱ्यांना उन्हाची तिरीप लागणार नाही. दोन्ही बाजूंना दाट झाडी करण्याची गरज नाही. एका कडेला ठरावीक अंतरावर लावलेली आणि यंत्रांना अडणार नाहीत अशी खालच्या फांद्या छाटलेली झाडे पुरतात. कडुलिंब, करंज, चिंच, जांभूळ या इथल्या हवेत टिकणाऱ्या जाती निवडाव्यात. जिथे जुने झाड आधीच उभे आहे, तिथे ते वाचवणे सर्वांत स्वस्त. नव्या रोपाची सावली मिळायला आठ-दहा वर्षे लागतात.

रोपे लावण्यापेक्षा ती जगवणे अवघड, हे २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीच्या मोहिमेनंतर कुणाला समजावून सांगायला नको. रोजगार हमीतून रस्त्याकडेची झाडे एखाद्या कुटुंबाकडे सांभाळायला देऊन तीन वर्षे त्यांच्या पाण्याची आणि राखणीची मजुरी देण्याची पद्धत राज्यात वापरली गेली आहे. खड्डे मोजून पैसे देण्यापेक्षा जगलेली झाडे मोजून पैसे देणे शहाणपणाचे आहे.

बायकांनी केव्हा चालायचे?

५७ टक्के हा स्त्रियांचा आकडा वर आला आहे. त्यामागे आळस नाही. गावात पुरुष संध्याकाळी वेशीपर्यंत रेंगाळत गेला तर कोणी काही म्हणत नाही. चाळिशीतली बाई विनाकारण रस्त्याने चालताना दिसली तर विचारणा होते. त्यात मोकाट कुत्री, अंधार आणि दारूच्या दुकानाजवळचे टोळके यांची भर पडते. बाळंतपणानंतर वाढलेले वजन, पाळी जाण्याच्या वयात वाढणारा रक्तदाब, ठिसूळ होणारी हाडे या सगळ्यांवर चालणे उपयोगी पडते. पण ‘चालत जा’ हा सल्ला तिच्यासाठी अनेकदा कागदावरच राहतो.

यावर सर्वांत सोपा उपाय सोबतीचा. बचत गटाच्या पाच-सहा जणी एकत्र निघाल्या की ‘कुठं निघालीस?’ हा प्रश्न आपोआप बंद होतो. आशाताईंनी रक्तदाब-साखर तपासणीच्या दिवशी असा एक गट जमवला तरी सुरुवात होते. पण त्या ज्या वाटेवर चालतील तिथे एक-दोन दिवे हवेत. हे काम ग्रामपंचायतीचे किंवा नगरपंचायतीचे आहे.

किती चालायचे, काय सांभाळायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरेसा आहे. दहा हजार पावलांच्या आकड्याने कोणी धास्तावू नये. तो १९६० च्या दशकातल्या एका जपानी पावले-मोजणी यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाला. २०२२ मध्ये १५ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले. साठीपुढच्यांना सहा ते आठ हजार आणि त्याखालच्यांना आठ ते दहा हजार पावलांपर्यंत बहुतेक फायदा मिळतो, असे त्यात दिसले. अजिबात न चालणाऱ्याने दोन हजार पावले सुरू केली, तरी त्याचा लाभ होतो.

निसर्गात चालताना काही धोकेही असतात.

• पहाटे किंवा तिन्हीसांजेला निघताना हातात विजेरी आणि पायात पाय झाकणारे बूट असावेत. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. चावलेला अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

• दवात, गवतावर अनवाणी चालल्याने नजर सुधारते, या समजुतीला आधार नाही. मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी चालूच नये. तळपाय बधिर झालेला असला तर बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही आणि त्याच जखमेतून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. चालून आल्यावर तळवे रोज पाहावेत.

• मार्च ते जूनमध्ये सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर चालावे. चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली की सावलीत थांबून पाणी प्यावे. बोलण्यात असंबद्धपणा आला तर तो उष्माघात असू शकतो. अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

• फवारणी चाललेल्या किंवा नुकत्याच झालेल्या शेताशेजारून जाणे टाळावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे बळी गेले होते. ते विसरण्यासारखे नाही.

• चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसली तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत घरी जाऊ नये. १०८ ला फोन करावा.

ग्रामसभेत मांडता येईल असा विषय

आरोग्यावरचा खर्च म्हटला की गावाला इमारत, रुग्णवाहिका, औषधे आठवतात आणि ती हवीतच. पण मधुमेहाच्या रुग्णाचा पाय वाचवण्याचा खर्च, अर्धांगवायूनंतर घरातल्या एका कमावत्या माणसाचे खाटेला खिळणे, डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा लातूर-सोलापूरच्या फेऱ्या यांच्या तुलनेत दोन किलोमीटरच्या पाणंदीवरची दीड-दोनशे झाडे फारच स्वस्त पडतात. हा खर्च सामाजिक वनीकरणाचा आहे की बांधकामाचा, यावर कागद फिरत राहतात. आरोग्याच्या नजरेने पाहिले तर तो औषधाइतकाच गरजेचा आहे.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा भरते. शेतरस्त्याचा विषय आता बहुतेक ठिकाणी त्या सभेत निघतोच. तो निघाला की आणखी तीन प्रश्न विचारता येतील : या रस्त्यावरची कोणती झाडे वाचणार आहेत, नवी झाडे कोणत्या कडेला लागणार आहेत आणि तीन वर्षे त्यांना पाणी कोण घालणार आहे. उत्तरे इतिवृत्तात लिहून घेतली, तर जेसीबी येण्याआधी ग्रामसेवकापुढे ठेवायला गावाजवळ काहीतरी असेल.